दादीची अंबाडी, खालाची अंबाडी

१९९६च्या एका दिवाळी अंकात माझी एक कविता छापून आली होती. तिच्यात शेताच्या बांधावर लाल फुलांनी पेटलेली अंबाडी होती. पंधरा-वीस दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. पाठवणारे गृहस्थ शेतकरी होते. कविता बरी वाटली, असं त्यांनी एका ओळीत उरकलं होतं आणि उरलेल्या कार्डावर बारीक अक्षरांत विचारलं होतं, की लाल फुलाची अंबाडी आपण कुठं पाहिलीत? अंबाडीचं फूल पिवळं. त्याच्या पोटात काळपट तांबडा डाग. लाल असतं ते बोंड, आणि तेही सगळ्याच अंबाडीला नसतं. शेवटी लिहिलं होतं, ‘आपल्याकडची जात वेगळी असल्यास थोडे बी पाठवावे.’

ते कार्ड मी बरीच वर्षं जपून ठेवलं. उत्तर मात्र दिलं नाही. द्यायला तोंडच नव्हतं. मी खेड्यात वाढलेला माणूस. अंबाडीची भाजी खाऊन वाढलो, अंबाडीच्या दोरीनं विणलेल्या बाजेवर झोपलो आणि तिच्या फुलाचा रंग मला ठाऊक नव्हता! बी.ए. झालो तो मराठी घेऊन. वनस्पतिशास्त्राशी संबंध शाळेतच संपलेला. पण त्या कार्डानं मला कामाला लावलं. आज जे सांगणार आहे, ते त्या शेतकऱ्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

आमचं गाव देगलूरकडचं. मराठवाड्याचं हे टोक मोठं गमतीचं आहे. एका अंगाला तेलुगू, दुसऱ्या अंगाला कानडी, शाळेत आणि बाजारात मराठी, घरात आमची दखनी. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात एकत्र होता. १९५६ साली भाषावार वाटणी झाली, तेव्हा नांदेड मुंबई राज्यात आलं, बिदर म्हैसूरकडं गेलं आणि निजामाबाद आंध्र प्रदेशात. ते आता तेलंगणात आहे. राज्यांची वाटणी झाली, सोयरिकींची झाली नाही. माझ्या आईची बहीण, आमची खाला, निजामाबादकडं दिलेली. ती माहेरपणाला आमच्याकडं आली, की चुलीपाशी हटकून एक वाद व्हायचा. वाद अंबाडीचा.

आमच्या घरी अंबाडीला ‘अंबाडा’ म्हणतात. दादी आमच्या शेतातल्या अंबाड्याचा पाला आणायची. तो शिजवून वरचं आंबट पाणी काढून टाकायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं, वरून लसूण आणि लाल मिरचीची तेलकट फोडणी. खाला येताना आपल्याकडची जुडी घेऊन यायची. तिचे देठ तांबडे, पाला जास्त आंबट. ती तो मटणात घालायची. हैदराबादेकडं ‘अंबाडे का गोश्त’ म्हणतात ते हेच. दादी त्या जुडीकडं बघून म्हणायची, “ये कायका अंबाडा? ये तो रंग का झाड है.” आणि खाला हसत म्हणायची, “अम्मा, तुमारा अंबाडा रस्सी का है. खाने का हमारा.”

आम्ही पोरं दोन्ही खायचो. कुणाचं खरं, हे ठरवायची आम्हाला गरज नव्हती. पुढं चाळीस वर्षांनी कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना मी हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, “दोघींचंही खरं होतं. ती दोन वेगळी झाडं आहेत.”

वेगळी म्हणजे किती वेगळी? तुमची-माझी अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातली. भेंडी आणि कापूस हे तिचे जवळचे नातेवाईक. भेंडीचं पिवळं फूल ज्यांनी पाहिलंय, त्यांना अंबाडीचं फूल निराळं सांगायला नको. पण अंबाडी या एका नावाखाली आपल्याकडं दोन जाती नांदतात. एक ‘हिबिस्कस कॅनाबिनस’. हिच्या खोडावर बारीक कुसं असतात, बोंड कोरडं आणि टोचरं, सालीतून निघणारा वाख उत्तम. दुसरी ‘हिबिस्कस सब्दारिफा’, आपली लाल अंबाडी. तिच्यातल्या काही प्रकारांत फुलाखालची दलं फूल गळाल्यावर फुगतात, मांसल आणि आंबट होतात. ज्याला आपण लाल बोंड म्हणतो, ते खरं तर फळ नव्हेच, फळाभोवतीचं वेष्टण. पहिलीच्या पेशीत ३६ गुणसूत्रं, दुसरीच्या पेशीत ७२. बरोबर दुप्पट. लाल अंबाडी ही फार पूर्वी दोन निरनिराळ्या पूर्वजांच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन तयार झालेली जात आहे आणि त्यातला एक पूर्वज साध्या अंबाडीचा जवळचा नातलग असावा, असं संशोधक मानतात. फ्लॉरेन्स दादा-खाला सोडा, पण घरोघरीच्या सासुरवाडी आणि माहेर यांच्या भांडणाला इतकं जुनं मूळ सापडणं विरळाच.

नावांचा घोळ तर विचारूच नका. तेलंगणात पुंटिकूरा, किनारी आंध्रात गोंगुरा, कानडीत पुंडी, बंगालात मेस्ता. हिंदी मुलखात पटवा किंवा पटसन. इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या अंबाडीचं ‘अंबारी हेम्प’ केलं, जणू हत्तीवरूनच निघालीय. शिवाय ‘डेक्कन हेम्प’ आणि विशाखापट्टणमजवळच्या भीमुनिपट्टणम बंदरातून माल जायचा म्हणून ‘बिमली ज्यूट’. जगात सध्या रूढ असलेलं ‘केनाफ’ हे नाव फारसी ‘कनफ’वरून आलेलं. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली सब्दारिफाची नोंद केली आणि १७५९ साली कॅनाबिनसची. कॅनाबिनस का, तर पान भांगेसारखं कातरलेलं. आमच्या दादीला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं तौबा केली असती.

इतकी देशी नावं असलेलं हे झाड मूळचं इथलं नाही. जुने युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला हिंदुस्थानचंच समजत. पण साध्या अंबाडीची रानटी झाडं आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जागोजाग उगवतात आणि दोन्ही जातींचं मूळ घर आफ्रिका हेच आता मानलं जातं. तिथून ती कधी आणि कुणाच्या हातून इकडं आली, याचा कागद कुठं नाही. कुणाच्या तरी गाठोड्यात मूठभर बी आलं असेल. मग ज्या मातीत पडलं, ज्या घरात शिजलं, तिथल्या गरजेप्रमाणं बदलत गेलं.

हा बदल कसा होतो, ते आमच्या गावात डोळ्यांदेखत चालू होतं. मला दिसलं नव्हतं, एवढंच. ज्वारीच्या किंवा तुरीच्या रानात कडेनं अंबाडीची दोन-चार तासं असायची. कोवळी असताना बायका शेंडे खुडायच्या. ज्या झाडाचा पाला गोड-आंबट, ते पुन्हा पुन्हा खुडलं जायचं आणि फांद्या फोडायचं. जे सरळ उंच गेलं, ते दोरीसाठी राखलं जायचं. दिवाळीच्या आगेमागे कापणी झाली, की पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पंधराएक दिवसांत साल कुजून सुटायची. तो वास अजून नाकात आहे. मग आमच्या गावातले मातंग समाजातले कारागीर तो वाख धुऊन, पिळून कासरे, दावी, वेसणी, शिंकी, चऱ्हाटं वळायचे. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवी दोरी चढायची ती त्यांच्या हातची. त्या कारागिरांना मुठीत खोड धरल्याबरोबर कळायचं, की याची साल लांब निघेल का मध्येच तुटेल. बी कुठल्या झाडाचं ठेवायचं, हे ते सांगायचे आणि दादी ऐकायची. भाजीसाठी कुठलं ठेवायचं, हे मात्र दादी ठरवायची. दोन वेगळे परीक्षक, दोन वेगळ्या परीक्षा. म्हणून एकाच शेतात एकसारखी अंबाडी कधी नसायची. हिरव्या खोडाची, तांबड्या खोडाची, कातरलेल्या पानांची, सबंध पानांची, लवकर फुलणारी, मागास, सगळी एकत्र.

या मिसळीकडं पहिल्यांदा कुणी शास्त्रीय नजरेनं पाहिलं असेल, तर ते एका जोडप्यानं. सेंद्रिय शेती करणाऱ्या वाचकांना सर अल्बर्ट हॉवर्ड हे नाव परिचित असेल. इंदूर पद्धतीचं कंपोस्ट म्हणतात ते त्यांचं. पण इंदूरला ते गेले १९२४ साली. त्याआधीची बरीच वर्षं ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेतकी संशोधन संस्थेत होते. १९०५ साली ते आले आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड याही तिथंच काम करू लागल्या. त्या केंब्रिजला शिकलेल्या, वनस्पतींच्या शरीरक्रियांच्या अभ्यासक. लोक आज अल्बर्टचं नाव घेतात, गॅब्रिएलचं विसरतात. पण त्या काळच्या बऱ्याच निबंधांवर दोघांची नावं आहेत. १९११ साली या दोघांनी हिंदी तंतुवनस्पतींवरच्या निबंधमालेत अंबाडीच्या या दोन्ही जातींतल्या नव्या वाणांवर एक निबंध प्रसिद्ध केला.

काळ लक्षात घ्या. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम विस्मृतीतून वर आले १९०० साली. एका झाडाचं बी वेगळं पेरत गेलं, तर शुद्ध वंश मिळतो, हा विचार नुकताच रुजत होता. हॉवर्ड दांपत्यानं अंबाडीची झाडं एकेक करून वेगळी पेरली आणि वाण निवडून काढले. खोडाचा रंग आणि पानाचा आकार या मुख्य खुणा. साध्या अंबाडीचे त्यांनी पाच प्रकार केले आणि त्यांना लॅटिन नावं दिली. सिम्प्लेक्स म्हणजे साधा, विरिडिस म्हणजे हिरवा, रुबेर म्हणजे तांबडा, पर्पुरियस म्हणजे जांभळा आणि वल्गारिस म्हणजे सर्वसामान्य. लाल अंबाडीचे चार केले. रुबेर, अल्बस म्हणजे पांढरा, इंटरमीडियस म्हणजे मधला आणि चौथ्याचं नाव मला फार आवडतं, भागलपुरिएन्सिस! सगळ्या लॅटिनच्या गर्दीत आपलं भागलपूर. या भागलपुरीचं बोंड हिरवं, त्यावर तांबड्या रेघा आणि ते खाण्याजोगं नाही. अल्बस आणि इंटरमीडियस यांची बोंडं पिवळसर हिरवी, खाता येणारी आणि खोडाला वाखही. म्हणजे ‘लाल अंबाडी’त सगळी लाल नसते! पोस्टकार्डवाले गृहस्थ हेच सांगत होते.

याच सुमारास फिलिपीन्समध्ये वेस्टर नावाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं लाल अंबाडीतली अगदी उंच, कमी फांद्यांची, केवळ वाखासाठी लावायची जात वेगळी ओळखली. तिला ‘अल्टिसिमा’ म्हणतात, म्हणजे सर्वांत उंच. ती पंधरा-सोळा फुटांपर्यंत जाते आणि तिचं बोंड काटेरी, कोरडं, तोंडात घालता येत नाही. बोंडासाठी लावायची ती बुटकी, पसरट. एकाच जातीची ही दोन भावंडं शेजारी उभी केली, तर कुणी त्यांना सख्खी म्हणणार नाही. माणसानं एकीकडून खोड मागितलं, दुसरीकडून बोंड. झाडानं दोघांनाही दिलं.

इथपर्यंतची गोष्ट घरातली आणि शेतातली आहे. पुढं ती गिरणीत जाते.

१९४७ साली फाळणी झाली. तिची जी किंमत माणसांनी मोजली, तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि माझ्यासारख्यानं ते वाचताना आजही हात थांबतो. पण पिकांचीही फाळणी झाली, हे आपल्या लक्षात येत नाही. तागाच्या गिरण्या जवळजवळ सगळ्या कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी. त्या भारतात राहिल्या. तागाची बहुतेक उत्तम जमीन पूर्व बंगालात; ती पाकिस्तानात गेली. सप्टेंबर १९४९ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही आणि दोन देशांतला तागाचा व्यापारच अडला. गिरण्यांना कच्चा माल हवा होता. तेव्हा सरकारची नजर पडली अंबाडीवर. तागाला पाणथळ गाळाची जमीन लागते, अंबाडी कोरडवाहू हलक्या रानातही येते. दोन्ही अंबाड्यांना ‘मेस्ता’ हे एकच सरकारी नाव मिळालं आणि आंध्र, ओरिसा, बिहार, बंगाल, आपल्याकडंही तिच्या लागवडीला उत्तेजन मिळालं. बांधावरची अंबाडी रानाच्या मधोमध आली.

बंगालमधल्या बॅरकपूरच्या संशोधन केंद्रात आणि आंध्रातल्या आमदालवलसा इथं निवडीचं काम सुरू झालं. एच. सी. ५८३, एच. एस. ४२८८, एच. एस. ७९१०, ए. एम. व्ही. १, २, ३... असे वाण निघाले. कवीला ही नावं रुक्ष वाटतात खरी, पण त्यात अर्थ आहे. एच. सी. म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस, एच. एस. म्हणजे सब्दारिफा, ए. एम. व्ही. म्हणजे आमदालवलसा. निवड चांगली होती. खोडं उंच, सरळ, एकसारखी, एकाच वेळी कापणीला येणारी. लाल अंबाडी कोरड्या ताणाला जास्त टिकते आणि मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना दाद देत नाही, हेही या अभ्यासातून पक्कं झालं. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले, हे मी नाकारत नाही. पण आता परीक्षक एकच उरला. गिरणीला पानाची चव ठाऊक नव्हती.

एकसारखेपणाची दुसरी बाजू क्यूबात दिसली. दुसऱ्या महायुद्धात जपाननं पूर्वेकडचे मार्ग तोडले, तेव्हा पोत्यांना आणि दोरखंडांना वाख मिळेना म्हणून अमेरिकेनं क्यूबा आणि फ्लोरिडाकडं साध्या अंबाडीची लागवड आणि संशोधन हाती घेतलं. पीक चांगलं आलं. १९५०च्या सुमारास त्यावर अँथ्रॅक्नोज नावाचा बुरशीचा रोग पडला. शेंडे जळायचे आणि खोड तिथंच खुंटायचं. रोगाला बळी पडणाऱ्या वाणांची शेतंच्या शेतं गेली. मग पुन्हा शोधाशोध सुरू झाली, रोगातही उभ्या राहणाऱ्या झाडांची. त्या कामातून निघालेले एव्हरग्लेड्स ४१ आणि एव्हरग्लेड्स ७१ हे वाण १९६५ साली फ्लोरिडात प्रसारित झाले. औषध फवाऱ्यात नव्हतं, दुसऱ्या अंबाडीत होतं. सगळी झाडं सारखीच असती, तर शोधायचं कुठं?

बोंडाच्या बाजूचा प्रवास याहून रंगीत आहे. लाल अंबाडी गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेतून अटलांटिकपार गेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती जमैकात लावली जात होती. हे झाड दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही, त्यामुळं तिथं बोंडं तयार होतात ती नाताळच्या सुमाराला. म्हणून कॅरिबियन बेटांवर नाताळचं पेय म्हणजे या बोंडांचं सरबत! मेक्सिकोत त्याला जमैकाचंच नाव आहे. सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो, सुदान-इजिप्तमध्ये करकदे. नायजेरियात पुन्हा तीन रंग: हिरवट, लाल आणि गडद लाल. हिरवट बोंडांचं योरुबा लोक कालवण करतात, गडद लालाचं पेय. वेस्टरला अँटिग्वा बेटावरून आर्चर नावाच्या गृहस्थानं पांढऱ्या बोंडाचं बी पाठवलं, तर त्या वाणाचं नावच ‘आर्चर’ पडलं. बी पाठवणाऱ्याचं नाव झाडाला मिळणं, हे मला पुरस्काराहून मोठं वाटतं.

आमच्या घरात करकदे आलं १९८० नंतर. एक चुलते सौदीतून सुट्टीवर आले, तेव्हा खजुराबरोबर एक पुडा घेऊन आले. वाळलेली, काळसर लाल, चुरगळलेली फुलं. उकळून साखर घालून प्यायची, रक्तदाबाला चांगली, असं ते सांगत होते. खाला तेव्हा आमच्याकडंच होती. तिनं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि दादीकडं बघून म्हणाली, “अम्मा, देखो, हमारा अंबाडा हज करके आया.” दादी त्या दिवशी पहिल्यांदा हरली.

पण या लाल बोंडाचंही दैव गिरणीसारखंच निघालं. मलेशियात तेरेंगानू प्रांतात १९९० नंतर ही शेती वाढली, ती मोजक्या वाणांवर. लाल अंबाडी बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळं तिच्यात आपोआप मिसळ फार होत नाही. हातानं संकर करणंही अवघड. वैविध्य नाही, तर निवड कशातून करायची? शेवटी तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ‘अरब’ नावाच्या वाणाच्या बियांवर गॅमा किरण सोडून बदल घडवले आणि त्यातून निवडलेले तीन वाण २००९ साली बाहेर आणले. जे वैविध्य आपल्याकडच्या बायकांनी नुसत्या खुडण्यातून सांभाळलं, ते तिथं किरणोत्सर्गानं निर्माण करावं लागलं.

आपल्याकडं बांधावरची अंबाडी गेली ती अशा कुठल्या रोगानं नाही. मोटा गेल्या, इंजिनं आली. बैल कमी झाले. नायलॉनचा दोर आला. तो कुजत नाही, तुटत नाही आणि आठवडी बाजारात वजनावर मिळतो. पोत्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या गोण्या आल्या. १९८७ साली तागाची पोती सक्तीनं वापरण्याचा कायदा करावा लागला, त्यानं गिरण्यांना आधार मिळाला; आमच्या कारागिरांना नाही. पोळ्याला आता बैलाला रंगीत नायलॉनची वेसण असते. ओढ्याच्या डोहातला तो वास गेला. कुणी म्हणेल, बरंच झालं! कंबरभर घाण पाण्यात उभं राहून वाख धुणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत, त्यामुळं मी उगाच उसासे टाकणार नाही. त्यांची मुलं आज शिकली, हे चांगलंच झालं. पण मुठीत खोड धरून साल ओळखणारा हात त्यांच्याबरोबर गेला.

आता माझी कबुली. दादी अंबाडीचं बी एका गाडग्यात राखेत मिसळून ठेवायची आणि तोंडाला फडकं बांधायची. गाडगं माळवदाच्या कोनाड्यात. ती गेल्यावर आई दरवर्षी त्यातलं मूठभर पेरायची आणि नवं बी भरायची. अंबाडीचं बी तेलकट असतं, साध्या साठवणीत फार वर्षं जिवंत राहत नाही. ते पेरत राहावं लागतं. १९९८ साली आम्ही जुनं घर पाडून सिमेंटचं बांधलं. आई तेव्हा आजारी होती. माळवद उतरवताना ते गाडगं माझ्याच हाती आलं. मी ते मातीच्या ढिगावर रिकामं केलं. अंबाडीवर कविता लिहून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हे सगळं ऐकून माझे ते विद्यापीठातले स्नेही रागावले नाहीत. त्यांनी कागद-पेन घेतलं आणि विचारू लागले. खोडाला कुसं होती? होती, दादीच्या बोटांना टोचायची. बोंड कोरडं? कोरडं. मग कॅनाबिनसच. खोडाचा रंग? हिरवा असावा... की खाली तांबूस? पान कातरलेलं, की सबंध? मला आठवेना. ज्या पानावर वाढलो, त्याचा आकार मला सांगता येईना! खालाची अंबाडी मला नीट आठवत होती, कारण ती परकी होती. घरातली मी कधी पाहिलीच नव्हती.

पानाच्या आकाराचा त्यांचा आग्रह का, ते मला नंतर कळलं. १९११ साली हॉवर्ड दांपत्यानं ज्या खुणेवर भर दिला, तीच खूण शंभर वर्षांनी पुन्हा वर आली. २०२० साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी साध्या अंबाडीचा संपूर्ण जनुकपट प्रसिद्ध केला आणि त्यात दोन प्रश्नांचा खास शोध घेतला होता. वाख कसा तयार होतो आणि पान कातरलेलं का सबंध, हे कशानं ठरतं. डोळ्यांनी दिसणारी खूण आणि पेशीतली अक्षरं यांचा असा मेळ बसला. डीएनएच्या अभ्यासातून आणखीही एक गोष्ट पुढं आलीय. लागवडीतल्या वाणांपेक्षा आफ्रिकेतल्या रानटी अंबाडीत वैविध्य अधिक आहे. शेतातल्या वाणांचा पाया त्यामानानं अरुंद.

बियाणं जतन करणाऱ्या संस्था आपल्याकडं आहेत. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो दिल्लीत १९७६ पासून आहे. त्याचा पत्ताही ‘पुसा’च, १९३४च्या भूकंपात बिहारचं पुसा पडल्यावर संस्था दिल्लीला आली, ती नावासकट. आपल्या अकोल्याला ब्युरोचं केंद्र आहे. स्नेह्यांनी सुचवलं, तिथं चौकशी कर. मी म्हटलं, काय सांगून चौकशी करू? माझ्या दादीच्या अंबाडीचं बी आहे का, असं? तिला नाव नव्हतं, क्रमांक नव्हता. ते म्हणाले, “गावाचं नाव सांग. गोळा करणारा गावाचं नाव लिहितो.”

अजून गेलो नाही. त्याआधी एक घरगुती प्रयोग चालू आहे. या जूनमध्ये मी आणि माझी बायको चार ठिकाणचं बी घेऊन आलो. देगलूरच्या बाजारातून भाजीवाल्या मावशींकडून मागून आणलेलं, उदगीरकडच्या एका मित्राच्या आईनं दिलेलं, निजामाबादहून खालाच्या सुनेनं पाठवलेलं आणि दुकानातलं एक पाकीट. गच्चीवर चार मोठ्या कुंड्या केल्या. बायकोनं प्रत्येक कुंडीवर गावाचं नाव खडूनं लिहिलं, पावसानं ते पुसलं, मग तिनं रंगानं लिहिलं.

आता सप्टेंबर आहे. निजामाबादच्या कुंडीत देठ तांबडे, खालाचीच अंबाडी, शंकाच नाही. पाकिटातली चारी रोपं एका उंचीची, एका चेहऱ्याची. देगलूरच्या कुंडीत गंमत आहे. पाच रोपांत तीन कातरलेल्या पानांची, दोन सबंध पानांची आणि त्यातल्या एकाचं खोड बुंध्याशी जांभळट. दोन रोपांना कुसं आहेत. मी बोट फिरवून पाहिलं. उदगीरची अजून हिरवी-हिरवी, उंच चाललीय. तिला कळी यायचीय.